चार ग्राहक, चार पोर्टल आणि एकच सुटा भाग : पुरवठासाखळीतील माहितीप्रणाली जोडताना नेमके अडते कुठे?

भोसरीचा_यंत्रकार

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचा सीएनसी टर्निंगचा, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातून भाग करणारा, लहान कारखाना आहे. पिन, बुश आणि छोटे शाफ्ट आम्ही चार ग्राहकांना पुरवतो. ते ग्राहक त्यांच्या जुळण्या, म्हणजे सुटे भाग जोडून केलेले संच, तयार करून चाकण, रांजणगाव आणि वाळूज येथील वाहन कारखान्यांना देतात. आमच्याही खाली झिंक प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट करून देणारे जॉबवर्कवाले आहेत. या चारही ग्राहकांकडे मोठ्या ईआरपी प्रणाली (खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारी सॉफ्टवेअर) आहेत आणि प्रत्येकाने पुरवठादारांसाठी आपापले पोर्टल उघडले आहे. कधी किती माल हवा याचे शेड्यूल तेथे पाहायचे, माल निघण्यापूर्वी एएसएन (माल येत असल्याची आगाऊ सूचना) तेथे भरायचे, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाले की नाही ते तेथे तपासायचे आणि रिजेक्शनची डेबिट नोटही, म्हणजे आमच्या बिलातून रक्कम वजा करण्याची चिठ्ठी, तेथूनच उतरवून घ्यायची.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर ही जोडलेली प्रणाली आहे. आमच्या बाजूने पाहिले तर डिस्पॅचला बसणारा एक मुलगा टॅलीत बिल करतो, तेच आकडे पुन्हा पोर्टलवर भरतो, तेच पुन्हा तपासणी अहवालात लिहितो आणि तेच आमच्या स्टॉकच्या एक्सेलमध्ये टाकतो. चार ग्राहकांच्या चार पोर्टलांवर रकाने वेगळे, क्रम वेगळा आणि लेबलचा आकारही वेगळा आहे.

गेल्या पावसाळ्यात घडलेला प्रसंग सांगतो, म्हणजे माझा प्रश्न स्पष्ट होईल. एका ग्राहकाचा पार्ट नंबर दोन शून्यांनी सुरू होतो. त्यांनी दिलेल्या एक्सेलच्या तक्त्यात तो टाइप केला तेव्हा एक्सेलने सुरुवातीची शून्ये गाळून टाकली. उरलेला आकडा नेमका त्यांच्याच एका जुन्या भागाचा असल्यामुळे पोर्टलने एएसएन विनातक्रार स्वीकारले. गेटवर लेबल आणि एएसएन जुळेना, म्हणून टेम्पो सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर उभा राहिला. त्याच बिल क्रमांकावर दुसरे एएसएन करता येत नव्हते, पहिले रद्द करण्याचा अधिकार खरेदी विभागातील एकाच अधिकाऱ्याकडे होता आणि ते त्या दिवशी रजेवर होते. माल बरोबर होता, नग बरोबर होते आणि बिलही बरोबर होते. तरीही त्यांची लाइन थांबू नये म्हणून त्यांनी दुसरीकडून तातडीने मागवलेल्या मालाच्या भाड्याची डेबिट नोट आमच्या नावावर आली.

आता त्याच ग्राहकाने कळवले आहे की पुढील वर्षापासून पुरवठादाराची प्रणाली त्यांच्या प्रणालीशी थेट जोडलेली असावी आणि तो खर्च पुरवठादाराने करावा. खर्च करायला मी तयार आहे. परंतु एवढा खर्च करून शून्ये गळायची थांबतील का, की तीच चूक अधिक वेगाने होईल, हे मला या क्षेत्रातील जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

संगणक_जोडारी

मी पंधरा वर्षे ईआरपी बसवण्याचे काम करतो आणि त्यातील बराच काळ वाहनउद्योगातील पुरवठादारांकडे गेला आहे. आपण विचारलेला प्रश्न खर्च करण्याआधी विचारला, हे फार चांगले झाले.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. पोर्टल म्हणजे जोडणी नव्हे. पोर्टलमध्ये ग्राहकाच्या प्रणालीचा एक पडदा तुमच्यापुढे ठेवलेला असतो आणि पूर्वी त्यांच्या स्टोअर्समधील कारकून जे टाइप करत असे ते आता तुमचा माणूस टाइप करतो. काम संपलेले नाही, ते फक्त एका पगारपत्रकावरून दुसऱ्यावर गेले आहे. खरी जोडणी म्हणजे तुमच्या प्रणालीत एकदा झालेली नोंद माणसाच्या हाताशिवाय त्यांच्या प्रणालीत उतरणे, मग ती ईडीआयने (ठरलेल्या नमुन्यातील फाइलींची देवाणघेवाण) उतरो की एपीआयने (दोन प्रणालींनी एकमेकींशी थेट बोलण्याची सोय).

तार जोडण्याचे काम आता अवघड राहिलेले नाही. दोन प्रणालींना एकमेकींकडे फाइल पाठवायला शिकवणे हे काही आठवड्यांचे काम आहे. अडते ते तारेच्या दोन टोकांना असलेल्या शब्दांत. तुमच्या टॅलीत ज्या वस्तूचे नाव ‘पिन १२ बाय ४५ प्लेटेड’ आहे तिला एका ग्राहकाकडे अकरा आकडी क्रमांक आहे आणि त्यापुढे ड्रॉइंगच्या रिव्हिजनचे, म्हणजे सुधारित आवृत्तीचे, अक्षर आहे. दुसऱ्याकडे रिव्हिजन वेगळ्या रकान्यात आहे आणि तिसऱ्याकडे ते प्रणालीत नाहीच, फक्त ड्रॉइंगवर आहे. ड्रॉइंग ‘सी’वरून ‘डी’ झाले आणि पीओची, म्हणजे खरेदी आदेशाची, दुरुस्ती यायला दोन आठवडे लागले, तर त्या दोन आठवड्यांत निघालेला माल कोणत्या नावाने जायचा, याचे उत्तर कोणतेही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. ते दोन्ही कारखान्यांतील माणसांनी आधी ठरवावे लागते.

एककांचेही तेच आहे. तुम्ही बार किलोत विकत घेता, पिन नगात विकता आणि प्लेटिंगवाला पुन्हा किलोवर दर लावतो. दर नगामागे किती ग्रॅम, हा आकडा तुमच्या मास्टरमध्ये, म्हणजे प्रणालीतील वस्तूंच्या मूळ यादीत, एक आणि जॉबवर्कवाल्याच्या वहीत दुसरा असेल, तर वर्षअखेरीस त्याच्याकडे पडून असलेला माल दोघांच्या हिशेबात कधीच सारखा येणार नाही.

शून्ये गळण्याबद्दल विचारलेत, म्हणून नेमके सांगतो. पार्ट नंबर ही संख्या नाही, ती अक्षरांची ओळ आहे, हे प्रत्येक टप्प्यावर संगणकाला सांगावे लागते. एक्सेलमध्ये त्या रकान्याचा प्रकार टाइप करण्याआधी ‘टेक्स्ट’ करावा लागतो, नंतर करून गेलेली शून्ये परत येत नाहीत. ज्या क्रमांकात आकड्यांच्या मध्ये ‘ई’ हे इंग्रजी अक्षर येते तो क्रमांक एक्सेल घातांकाची संख्या समजून बदलून टाकते, तेही लक्षात ठेवा. थेट जोडणीत एक्सेल मधून निघून जाईल, म्हणून ही विशिष्ट चूक टळेल. परंतु मास्टरमध्येच क्रमांक चुकीचा बसला असेल, तर तो प्रत्येक खेपेला न चुकता चुकीचाच जाईल आणि मध्ये पाहणारा माणूस नसल्यामुळे उशिरा कळेल. आपली शंका खरी आहे.

श्टुटगार्टवासी

मूळचा पिंपरीचा, सध्या जर्मनीत वाहनउद्योगाच्या ईडीआयचे काम करतो. वरील प्रतिसादाशी सहमत आहे. येथील अनुभवातून एका गोष्टीची भर घालतो, कारण तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

जर्मन वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे व्हीडीएने, शेड्यूल कसे पाठवायचे याचा नमुना ठरवला आणि ४९०५ या क्रमांकाने तो अनेक दशके वापरात आहे. त्यात केवळ ‘शुक्रवारपर्यंत २,५०० नग पाठवा’ असे लिहिलेले नसते. एका ठरावीक दिवसापासून आजवर किती मागवले आणि किती मिळाले, असे चढते आकडे त्यात असतात आणि ग्राहकाकडे नोंद झालेल्या शेवटच्या चलनाचा क्रमांकही असतो. समजा, शुक्रवारपर्यंतची चढती मागणी ४८,००० आहे आणि ग्राहकाकडे ४५,५०० पोहोचल्याची नोंद आहे. पुरवठादाराने आजवर ४६,५०० पाठवले असतील तर १,००० नग रस्त्यावर आहेत आणि आता फक्त १,५०० पाठवायचे आहेत, हे दोघांनाही एकाच बेरीज-वजाबाकीत कळते. साध्या शेड्यूलमध्ये रस्त्यावरचे १,००० धरले आहेत की नाहीत हे फोन करून विचारावे लागते आणि फोन लागला नाही तर एक तर दुप्पट माल जातो किंवा लाइन थांबते.

हा नमुना ठरवायला संगणकाचे ज्ञान लागले नाही. ‘मागणी’ या शब्दाचा अर्थ काय, एवढे सर्व कारखान्यांनी एकत्र बसून ठरवले. तरीही येथे सारे आलबेल नाही. ‘नग’ या एका एककासाठी संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ‘एच८७’ आणि ‘सी६२’ असे दोन जवळपासचे संकेत आहेत, एडिफॅक्ट या ईडीआयच्या नमुन्यातील जुन्या संदेशांत ‘पीसीई’ आहे, अमेरिकन ग्राहक ‘ईए’ लिहितो आणि सॅप या ईआरपीच्या पोटात जर्मन शब्दावरून आलेले ‘एसटी’ असते. प्रत्येक नव्या जोडणीत हा तक्ता पुन्हा बसवावा लागतो. आपल्या जीएसटीत एककांची एकच ठरावीक यादी आहे. ही भारताच्या बाजूने मोठी जमेची गोष्ट आहे.

करसल्लागार_पुणे

शेवटच्या वाक्याला धरूनच लिहितो, कारण मला वाटते या धाग्याचे उत्तर बऱ्याच अंशी तेथे आहे.

आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवरील उलाढालीच्या उद्योगांसाठी ई-इन्व्हॉइस सुरू झाले आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. म्हणजे यंत्रकार यांच्यासारखा मध्यम-लहान पुरवठादार आणि त्याचा सर्वांत मोठा ग्राहक हे दोघेही आज एकाच नमुन्यात बिल तयार करतात. शासनाच्या नोंदणी पोर्टलवरून त्या बिलाला ६४ वर्णांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, मिळतो आणि सही केलेला क्यूआर कोड मिळतो. पुरवठासाखळीतील हजारो कारखान्यांनी एकच दस्तऐवज एकाच रचनेत लिहावा, ही जी गोष्ट इतर देशांत उद्योगसंघटनांनी वर्षानुवर्षे खपून घडवली, ती आपल्याकडे कराच्या निमित्ताने घडून गेली आहे.

तरीही गेटवर वेगळे लेबल का लागते? कारण त्या क्यूआर कोडमध्ये दोघांचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, रक्कम, ओळींची संख्या, मुख्य वस्तूचा एचएसएन (करासाठीचा वर्गीकरण क्रमांक) आणि आयआरएन एवढेच असते. पार्ट नंबर नसतो. परंतु ज्या मूळ जेसन फाइलवरून, म्हणजे संगणकाने वाचायच्या ठरावीक रचनेतील फाइलवरून, तो तयार होतो, तिच्या रचनेत पीओचा संदर्भ, पीओमधील ओळीचा संदर्भ, बॅचचा तपशील आणि वस्तूचे इतर गुणधर्म यांसाठी ऐच्छिक रकाने आहेत. बहुतेक लहान उद्योग ते रिकामे सोडतात, कारण कायदा ते मागत नाही आणि ग्राहक ते वाचत नाही. ग्राहकांनी ठरवले की आम्ही वेगळा तक्ता भरून घेणार नाही, सही केलेली जेसन फाइलच एएसएन म्हणून स्वीकारू आणि त्या ऐच्छिक रकान्यांत आमचा पार्ट नंबर व पीओची ओळ लिहा, तर डिस्पॅचच्या मुलाचे अर्धे टायपिंग संपेल. चार ग्राहकांसाठी चार जोडण्या करण्यापेक्षा हे किती तरी स्वस्त आहे.

दोन मर्यादा मात्र सांगायला हव्यात. पहिली अशी की ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांच्या आत रद्द करता येते, त्यात दुरुस्ती करता येत नाही. म्हणून मास्टरमधील चूक तेथे महागात पडते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. जॉबवर्कला माल जातो तो बिलावर जात नाही, डिलिव्हरी चलनावर जातो आणि चलनाला आयआरएन नसतो. आपल्याकडे जुनी माणसे त्याला अजूनही ‘सत्तावन्न एफ चार’ म्हणतात, तो एक्साइजचा नियम जाऊन कितीतरी वर्षे झाली तरी. प्लेटिंगवाल्याची उलाढाल बहुधा ५ कोटींच्या आत असते, तेव्हा तोही या व्यवस्थेबाहेर राहतो. त्याच्याकडे गेलेला माल एका वर्षात परत यायला हवा आणि त्याची नोंद आयटीसी-०४ या जीएसटीच्या विवरणपत्रात द्यायची, ती जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. म्हणजे साखळीतील ज्या दुव्याची माहिती सर्वांत अंधारात आहे, त्याच दुव्यापर्यंत ही सामाईक रचना पोहोचत नाही.

खरेदीविभागातून

मी दुसऱ्या बाजूचा आहे. एका जुळणी उत्पादकाच्या खरेदी विभागात काम करतो आणि आमच्याकडे लहान-मोठे मिळून तीनशेच्या वर पुरवठादार आहेत. यंत्रकार यांच्या प्रसंगात चूक ग्राहकाच्या प्रणालीची होती, असे मी स्पष्टपणे म्हणतो. बिल क्रमांक तोच ठेवून एएसएन दुरुस्त करण्याची सोय नसणे आणि रद्द करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असणे, ही रचनेतील उणीव आहे आणि तिचा भुर्दंड पुरवठादारावर टाकणे योग्य नव्हते.

तरीही आमच्या अडचणी लिहितो. आमचे शेड्यूल आमच्या हातात नसते. वाहन कंपनी एका मॉडेलचा आकडा बदलते, आम्ही हातातील साठा आणि थोडी काळजी मिळवून तो पुढे पाठवतो आणि तुम्ही तुमची काळजी मिळवून बार मागवता. प्रत्येक पायरीला फक्त वरच्या पायरीची ऑर्डर दिसते, खरा खप दिसत नाही, म्हणून खाली जाताना चढउतार मोठे होत जातात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत हेच दिसले होते. मुले सारख्याच वेगाने डायपर वापरत होती आणि कारखान्याकडे येणारी मागणी मात्र हेलकावे खात होती. यावर उपाय म्हणजे वाहन कंपनीचा उत्पादन आराखडा तिसऱ्या पायरीपर्यंत दिसू देणे. परंतु तो आराखडा हे व्यापारी गुपित असते आणि आमच्या करारात तो पुढे देण्यास मनाई असते. येथे अडसर तंत्रज्ञानाचा नाही, विश्वासाचा आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा आहे. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर जपानमध्ये टोयोटाला प्लास्टिकचे भाग पुरवणाऱ्या कोजिमा इंडस्ट्रीजच्या संगणकांवर हल्ला झाला. हल्लेखोर आत शिरले ते त्या कंपनीच्या एका उपकंपनीच्या दूरजोडणीच्या उपकरणातून. परिणाम असा झाला की १ मार्च रोजी टोयोटाने जपानमधील १४ कारखान्यांतील सर्व २८ लाइन एक दिवस बंद ठेवल्या आणि सुमारे १३,००० वाहनांचे उत्पादन रखडले. टोयोटाच्या स्वतःच्या संगणकांवर हल्ला झाला नव्हता. हे पाहिल्यापासून आमचा आयटी विभाग प्रत्येक थेट जोडणीला दहा प्रश्न विचारतो आणि ते प्रश्न चुकीचे आहेत असे मला म्हणता येत नाही. ज्या कारखान्यात टॅलीचा संगणक आणि सीसीटीव्ही एकाच राउटरवर आहेत आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे, त्याला आमच्या प्रणालीचे दार कसे उघडून द्यायचे?

संगणक_जोडारी

खरेदीविभागातून यांनी मांडलेला सुरक्षेचा मुद्दा मान्य. म्हणूनच करसल्लागार यांची सूचना मला पटते. सही केलेली फाइल पाठवण्यासाठी दार उघडावे लागत नाही. पत्रपेटीत पत्र टाकल्यासारखी ती एका ठिकाणी ठेवता येते आणि सही तपासूनच उचलता येते.

विश्वासाच्या मुद्द्यावर एक उदाहरण देतो. सागरी वाहतुकीसाठी मेर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाचे सामाईक व्यासपीठ आणले. भांडवल होते, तंत्रज्ञान होते आणि जगातील अनेक मोठी बंदरे व जहाज कंपन्या त्यात आल्याही. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली आणि उद्योगातील सर्वांचे पूर्ण सहकार्य मिळवता आले नाही, असे कारण देण्यात आले. माझे मत असे की ज्या व्यासपीठाचा मालक स्वतःच बाजारातील सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक आहे, त्यावर आपली माहिती ठेवताना प्रतिस्पर्धी हात आखडता घेणारच. आपल्या चार पोर्टलांच्या मुळाशी हेच आहे. प्रत्येक ग्राहकाला सामाईक व्यवस्था हवी असते, पण ती आपली असावी असे वाटते.

द्राक्षबाग_निफाड

वाहनउद्योगाशी माझा संबंध नाही. परंतु सामाईक व्यवस्था त्रयस्थाने केली तर काय होते याचा अनुभव आम्ही द्राक्षनिर्यातदार दर हंगामात घेतो, म्हणून लिहितो.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाची, म्हणजे केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची, ग्रेपनेट ही प्रणाली आहे. बागेची कृषी विभागाकडे नोंदणी होते आणि त्या प्लॉटला क्रमांक मिळतो. पुढे प्रयोगशाळेचा रासायनिक अंशांचा अहवाल, पॅकहाउस, अॅगमार्कचे प्रमाणपत्र आणि फायटोसॅनिटरी (रोग-किडी नसल्याचे) प्रमाणपत्र, असे सर्व काही त्याच क्रमांकाला जोडले जाते. शेतकरी, प्रयोगशाळा, निर्यातदार आणि शासकीय अधिकारी हे चारही घटक वेगवेगळे असूनही प्लॉटचा क्रमांक कोणाचा खरा, असा वाद आमच्याकडे होत नाही, कारण तो क्रमांक यांच्यापैकी कोणा व्यापाऱ्याने दिलेला नसतो.

पण २०१० साली काय झाले तेही सांगितले पाहिजे. त्या वर्षी क्लोरमेक्वॅट या वाढ-संजीवकाचे अंश सापडल्याने युरोपात आपले कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचे फार मोठे नुकसान झाले. प्रणाली चालू होती आणि अहवालही वेळेवर चढत होते. परंतु ज्या रसायनांची तपासणी करायची त्या यादीत ते नावच नव्हते. पुढे ते यादीत आले. म्हणून रकाने कोण ठरवतो आणि ते किती लवकर बदलता येतात, हे आपण आधी पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

भोसरीचा_यंत्रकार

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन दिवस हे सर्व वाचून आमच्या डिस्पॅचच्या मुलाबरोबर बसलो आणि चारही ग्राहकांच्या मिळून त्र्याण्णव पार्ट नंबरांचा एकच तक्ता करायला घेतला. त्यात आमचे नाव, ग्राहकाचा क्रमांक जसाच्या तसा, रिव्हिजन, पीओची ओळ, एचएसएन, एकक आणि नगाचे प्रत्यक्ष तोललेले वजन असे रकाने केले. पहिल्या चाळीस ओळींतच सात ठिकाणी आमचे टॅली आणि ग्राहकाचा पीओ जुळत नाही असे आढळले आणि त्यांपैकी दोन ठिकाणी आम्ही जुन्या रिव्हिजनवर माल देत होतो. हे आतापर्यंत कोणाच्याही लक्षात आले नव्हते, याची मला खरोखर चिंता वाटली. प्लेटिंगवाल्याकडेही तराजू घेऊन गेलो. एका बुशच्या वजनात त्याच्या आणि आमच्या नोंदीत ४ ग्रॅमचा फरक निघाला आणि तो त्याने तेथल्या तेथे मान्य केला.

खरेदीविभागातून यांना एक थेट प्रश्न विचारतो. ई-इन्व्हॉइसच्या ऐच्छिक रकान्यांत पार्ट नंबर भरून जेसन फाइल पाठवली, तर आपल्यासारखा ग्राहक ती एएसएन म्हणून घेईल का, आणि नसेल तर कोणत्या रकान्यामुळे अडेल?

खरेदीविभागातून

आमच्या आयटी विभागाला विचारून उत्तर देत आहे. दोन रकान्यांमुळे अडेल. पेट्यांची संख्या व प्रत्येक पेटीतील नग, आणि स्टीलचा हीट नंबर, म्हणजे ते पोलाद भट्टीच्या कोणत्या खेपेतले याचा क्रमांक. हीट नंबर बॅचच्या रकान्यात बसू शकतो, त्यावर आमच्याकडे हरकत नाही. पेट्यांचा तपशील वस्तूच्या गुणधर्मांत लिहिता येईल, पण तो कोणत्या क्रमाने लिहायचा हे आम्हाला ठरवून द्यावे लागेल. तो कागद मी तयार करून घेतो आणि आमच्या पाच लहान पुरवठादारांबरोबर एक महिना पोर्टल आणि जेसन फाइल अशा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवून पाहण्याची परवानगी मागितली आहे. एएसएन रद्द करण्याचा अधिकार दुसऱ्या एका अधिकाऱ्याला देण्याचा प्रस्तावही त्याच अर्जात जोडला आहे. परवानगी मिळाली की रकान्यांचा क्रम याच धाग्यावर देतो.